नत्थू कोणत्या इंग्रजीत मेला?

१

नत्थू भोयर मेला होता, आणि माझ्या ओसरीवर बसून बशीतला चहा फुंकत होता.

"बाई, साखर कमी हाय जी," तो म्हणाला.

"मेल्यावरही खोड गेली नाही का रे तुझी?" मी म्हटलं. तोवर मला ही सगळी गंमतच वाटत होती. मग मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. कुसुमबाई खांबाला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, हातात गुळगुळीत कागदाचं एक मासिक.

"वाचा," तिनं ते माझ्यापुढे आपटलं. "तुमीच मले इंग्रजी शिकवलं, तुमीच वाचा. गावात तोंड दाखवाची सोय नाई राह्यली."

मी शकुंतला ढगे. देवळीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत, आणि उरलेल्यांनी खायला हव्या होत्या. कुसुम माहेरची देवळीची, माझ्याच वर्गातली. लग्न होऊन पवनारला गेली. धाम नदीच्या काठी त्यांचं वावर आहे, वांगी, मेथी, पालक लावतात. तिथल्या बायकांचा भाजीपाला गट तिनं उभा केला. वर्ध्याच्या बाजारातलं गटाचं दुकान तिच्याच भरवशावर चालतं.

मी चष्मा लावला. पानभर फोटो होता. वांग्याच्या वावरात कुसुम, कमरेवर टोपलं, डोक्याला कपाळापर्यंत दुपट्टा गुंडाळलेला, लुगड्यावर पुरुषाचा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. खाली इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: नवरा गेल्यापासून कुसुम या जगात एकटी आहे. रोज पहाटे ती आपल्या मृत नवऱ्याचा शर्ट अंगात घालते आणि अनवाणी पायांनी शेताकडे निघते.

मी नत्थूकडे पाहिलं. त्यानं बशी चाटून खाली ठेवली.

"हे कोणी लिहिलं?"

"तेच तं विचाराले आलो," कुसुम म्हणाली.

मागच्या महिन्यात हे मासिक काढणाऱ्या वर्ध्याच्या संस्थेकडे परदेशातल्या पाहुण्या बाया आल्या होत्या. वर्ध्याच्या सभागृहात त्यांनी कुसुमला शाल दिली, पितळी मानचिन्ह दिलं, इंग्रजीत भाषणं केली. कुसुमला वाटलं, भाजीच्या दुकानासाठी देऊन राह्यले. पाहुण्यांनी जाताना मासिकाचे काही अंक मागे सोडले. गटातल्या आनंदाबाईची मुलगी काजल कॉलेजात शिकते, तिनं गटाच्या बायकांसमोर अंक वाचून दाखवला. तेव्हा कळलं की तो सन्मान विधवा शेतकरी बाईचा होता.

"अन् मी मांगं बसून टाळ्या वाजवून राह्यलतो," नत्थू म्हणाला. "समोर बसलो होतो तं एक सायब आले. म्हने, काका, समोर पाहुण्यायची जागा हाय, तुमी मांगं जा."

जिवंत माणसाला मागच्या रांगेत बसवून त्याच्याच मरणाला टाळ्या वाजवायला लावल्या!

"आनंदाबाई म्हन्ते म्याच सांगतलं," कुसुमचा आवाज फाटला. "शालीसाठी नवऱ्याले मारलं म्हन्ते. ते खरीच विधवा हाय ना बाई. तिच्या तोंडाकडं पाहावत नाई मले. शुक्रवारी गटाची बैठक हाय. म्या सांगतलं असं ठरलं, तं मले गटातून काढते."

"तू सांगितलंस का?"

"बाई!"

"विचारलं. आता परत विचारणार नाही," मी म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

२

संस्थेचं नाव मी सांगणार नाही. वर्ध्याला स्टेशनवरून ऑटो केला की पाच-दहा मिनिटांत ऑफिस येतं. शेतकरी बायकांवर इंग्रजी मासिक काढतात. शेतकरी बायका ते वाचत नाहीत, हे वेगळं.

संपादक गजेंद्र सर. पन्नाशीचा माणूस, दिल्लीत वाढलेला, खादीचा कुर्ता कडक इस्त्रीचा. मराठी स्वच्छ, पण आमच्याकडची नाही. त्यानं मला पाणी दिलं आणि जसं काही मी शाळा तपासायला आले आहे, तसं सगळं फिरवून दाखवलं.

"आमच्या एकाच अंकाच्या तीन आवृत्त्या निघतात, बाई. परदेशी वाचकांसाठी एक, मोठ्या शहरांतल्या वाचकांसाठी एक, आणि इथल्या शाळा-कॉलेजांसाठी सोप्या इंग्रजीची एक. वाचक बदलला की इंग्रजी बदलावं लागतं. साधं वांगं घ्या. आपण ब्रिंजल म्हणतो, अमेरिकन वाचक तिथेच अडतो. त्याला एगप्लांट लागतं. लाख वेळा ब्रिंजल म्हटलं तरी त्याला कळत नाही."

इथवर मला पटलं. मीही पाचवीला वेगळं इंग्रजी शिकवायची आणि दहावीला वेगळं. समोरच्याला कळेल असं बोलावं, यात पाप काय?

मग मी तिन्ही अंक मागून घेतले आणि तिथेच बसून वाचले.

सोप्या अंकात लिहिलं होतं: कुसुम लवकर उठते. ती नवऱ्याचा शर्ट घालते. ती वांगी तोडते. तिचा नवरा मेथीच्या जुड्या बांधतो. शहरी अंकात सगळी चुरचुरीत भाषा. कुसुम स्कूटी चालवते आणि नवरा मागे बसून न विचारता रस्ता सांगतो, मोबाइलच्या नकाशापेक्षा जास्त बडबडतो. हा नत्थूच, शंका नको. आणि परदेशी अंकात स्कूटी नाही, मोबाइल नाही, पायात चपला नाहीत, नवरा नाही. एकाच बाईच्या तीन बाया करून ठेवल्या होत्या, आणि जितका वाचक लांबचा, तितकी ती गरीब होत गेली होती.

"यातला नवरा कुठे गेला?" मी विचारलं.

गजेंद्र सरानं खेदानं मान हलवली. "मलाही आत्ताच कळलं. फार वाईट झालं. वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या आवृत्त्या करतात, मी शेवटी फक्त नजर टाकतो. परदेशी आवृत्ती वैभव लिहितो. मुलाखतही त्यानंच घेतली. या, तुम्हाला एक गोष्ट दाखवतो."

काचेच्या खोलीत एक वेताची खुर्ची होती, लाल गादीची. भोवती चार साधी स्टुलं.

"ही वाचकाची खुर्ची. अंक छापायच्या आधी एकजण इथे बसतो आणि वाचक होतो. समजा, अमेरिकेतली एखादी आजी. मजकूर ऐकायचा आणि कळलं नाही ते विचारायचं. ज्यानं लिहिलं तो बसत नाही. आणि खुर्चीतून आलेल्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात, त्याच पानावर द्यायचंच. हा नियम मीसुद्धा मोडत नाही." त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "त्या दिवशी आमच्या ऑफिसातली रंजिता बसली होती. तिनं विचारलं, ही बाई नवऱ्याचा शर्ट का घालते? वैभव म्हणाला, नवरा वारला आहे, बाईंनीच सांगितलं. मग ते वाक्य आलं."

"मुलाखतीचं रेकॉर्डिंग?"

"नसतं हो. आमच्याकडे विश्वासावर चालतं."

मी फोटोचं पान त्याच्यासमोर धरलं. "यात तुम्हाला वेगळं काय दिसतं?"

तो क्षणभरही थांबला नाही. "शर्ट! दुसरं काय? बाईच्या अंगात पुरुषाचा शर्ट. तो शर्टच सगळी कथा सांगतो."

म्हणजे सरांच्या म्हणण्याप्रमाणे दोष वैभवचा, आणि वैभवनं ऐकलं कुसुमच्या तोंडून. माझी विद्यार्थिनी खोटी. मी जिना उतरले ते दात खातच.

३

वैभव खाली चहाच्या टपरीवर सापडला. सेलू तालुक्यातलं, वावर कसणाऱ्या कास्तकाराचं पोरगं, शर्टाची कॉलर झिजलेली, इंग्रजी झकास. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "स्कूटी म्या काढली."

"काय?"

"स्कूटी, चपला, मोबाइल. खुर्चीतून प्रश्न आला, तिच्याजोळ स्कूटर हाय तं मंग तिच्याबद्दल मी काऊन वाचून राह्यली? आता याचं उत्तर काय द्याचं? म्या स्कूटीच काढून टाकली. परदेशी अंकात असंच चालते, बाई."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना." त्यानं ग्लास खाली ठेवला. "पन नत्थूकाकाले म्या नाई मारलं. त्याच्या हातचं भरीत खाऊन आलतो मी."

"मग नत्थू वारल्याचं तूच सांगितलंस, असं सर का म्हणतात?"

पोराची नजर वरच्या मजल्याच्या खिडकीकडे गेली आणि लगेच परत आली. मग हळूच म्हणालं, "म्या लिवलं तवा नत्थूकाका जिता होता. छापून आलं तवा मेलता. मधात काय झालं ते मले नका विचारू. घरी मायले मीच पोसतो."

असा राग आला! खरं बोलायला भिणाऱ्याचा येतो, आणि त्याला भ्यायला लावणाऱ्याचा त्याहून जास्त येतो. मी फोटो त्याच्यापुढे धरला. "यात वेगळं काय दिसतं?"

त्यानं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कोपऱ्यात पाहा ना. स्कूटीचा आरसा कापाचा राह्यला!"

आणि खरंच, बांधाजवळ एक आरसा चमकत होता.

लिहिणं आणि छापणं, या दोहोंच्या मध्ये दोनच गोष्टी होत्या. खुर्ची, आणि सरांची शेवटची नजर. खुर्चीत होती रंजिता.

४

रंजिता देवळीजवळची. तिचा बाप भाजी पिकवतो, तीही माझ्याच हाताखालून गेलेली. वर्गात पहिल्या बाकावर बसून फाडफाड उत्तरं द्यायची. त्या दिवशी मात्र, मी परत वर जाऊन तिच्या टेबलाशी बसले तेव्हा, नुसते कागद चाळत राहिली.

"शर्टाबद्दल तू विचारलंस?"

"असेल बाई. विचारलं असेल."

"असेल म्हणजे? विचारलं की नाही?"

"सर म्हन्ते ना विचारलं म्हनून." आणि ती रडायला लागली.

रडणाऱ्याशी भांडता येत नाही. मी परदेशी अंक उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले, आणि या वेळी मास्तरणीच्या नजरेनं. भाकरी म्हणजे काय ते समजावलं होतं. धाम ही नदी आहे, हेही लिहिलं होतं. मग एक वाक्य आलं: कुसुम सकाळी डवरा मारते आणि एसटीनं वर्ध्याला जाते. बस्स. डवरा म्हणजे काय, एसटी म्हणजे काय, एक अक्षर नाही.

अमेरिकेतल्या आजीला डवरा कळतो? बैलामागे धरून ओळींमधलं तण काढायचं अवजार तिनं कुठे पाहिलं? मग खुर्चीतून हा प्रश्न का आला नाही?

कारण खुर्चीत आजी नव्हती, रंजिता होती. अमेरिकन व्हायचं तिनं कितीही सोंग घेतलं, तरी जे लहानपणापासून डोळ्यासमोर आहे ते विचारायचं सुचतच नाही. बापाच्या वावरात डवरा, शाळेत यायला एसटी. सुचेल कसं?

मी फोटो काढला. "रडू नको. हे पाहा आणि सांग, यात वेगळं काय आहे?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले. फोटो जवळ घेतला, लांब धरला. बराच वेळ पाहिला.

"वांगे जरा जून झाले, बाई. दोन दिवस आधी तोडाले पायजे होते."

"आणखी?"

"आणखी काय? काई नाई."

"तिच्या अंगात काय आहे?"

"शर्ट. मंग? वांग्याले काटे असते, ऊन असते. माही माय बी बाबाचाच घालते ना. समद्याच बाया..." ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं.

"म्या नाई विचारलं," ती सावकाश म्हणाली. "बाई, मी कायले विचारीन?"

"आता एकच सांग. शहरी अंक कोण लिहितं? तो स्कूटीवरचा विनोद कोणाचा?"

तिनं दाराकडे पाहून घेतलं. "शहरी अंक सर कोनाले हात लावू देत नाई. ते विनोद समदे सरायचेच."

५

तरी मी पवनारला गेले. आनंदाबाईशी बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नव्हतं. कुसुमला काढायचं की नाही, हे तिच्याच शब्दावर होतं.

आनंदाबाईचं हसणं नदीपलीकडे ऐकू जातं, अशी तिची ख्याती. फुलाफुलाचं लुगडं नेसते, दुकानात गिऱ्हाइकाची टर उडवते. त्या दिवशी ती पालकाच्या जुड्या बांधत होती आणि एकेक दोरी अशी आवळत होती की पानं तुटत होती.

"मले काई सांगू नका बाई. माहा मानूस गेला तवा पोरगी पाळन्यात होती. तवापासून म्या नांगरलं, म्या पेरलं. अन् इनं काय केलं? जित्या नवऱ्याले मारून शाल घेतली. माह्या दुःखाची शाल इच्या खांद्यावर!"

"तिनं नाही केलं, आनंदाबाई."

"मंग तो शर्ट? मेलेल्या मानसाचा शर्ट म्हनून लिवलं ना?"

"तुझ्या अंगात हा कोणाचा आहे?" तिनंही लुगड्यावर निळा फुल शर्ट चढवला होता.

"भावाचा."

"नवऱ्याचे शर्ट काय केलेस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वेडी आहे. "मेलेल्या मानसाचे कपडे कोनी घरात ठेवते का वो बाई? तेरवीच्या आधीच देऊन टाकले समदे. अंगात कोन घालीन बाप्पा! असं तं दुश्मन बी..."

दोरी तिच्या हातातच राहिली. तिला कळलं होतं. मला कळायचं जे थोडं राहिलं होतं, तेही कळलं.

"शुक्रवारची बैठक गावात नको," मी म्हणाले. "वर्ध्याला, संस्थेच्या ऑफिसात घेऊ. समद्या जनी या. अन् नत्थूले संग आना."

६

गजेंद्र सर आनंदानं तयार झाला. महिलांशी मोकळा संवाद होईल म्हणाला, बिस्किटंही मागवली. काचेच्या खोलीत सतरंजीवर गटाच्या बाया बसल्या. कुसुम एका कोपऱ्यात, आनंदाबाई दुसऱ्या. वैभव आणि रंजिता दाराशी उभे. सरानं छान भाषण केलं. गैरसमज, घाई, तरुण सहकाऱ्याची चूक, शेवटच्या पानावर छोटीशी दुरुस्ती छापू.

"झालं?" मी विचारलं. "नत्थू, ये. त्या लाल गादीच्या खुर्चीत बस."

नत्थू दुपट्टा झटकून बसला.

"सर, खुर्चीचा नियम यांना सांगा."

त्यानं हसत सांगितला. प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर द्यायचंच.

"विचार रे नत्थू."

नत्थूनं मांडीवर हात ठेवले आणि सरळ विचारलं, "मी काऊन मेलो जी?"

बाया हसल्या. सरही हसला. मी नाही हसले.

"उत्तर मी देते," मी म्हणाले. "सर म्हणतात, रंजितानं विचारलं ही बाई नवऱ्याचा शर्ट का घालते. बायांनो, तुमच्यापैकी कोणी हा प्रश्न विचारेल का?"

"कायले विचारनार?" तीनचार जणी एकदम म्हणाल्या. "समद्याच घालतो."

"रंजिताही शेतकऱ्याचीच पोर. तिनं डवरा विचारला नाही, एसटी विचारली नाही. ज्याची सवय आहे ते तिला दिसलंच नाही. मग शर्ट कसा दिसला? मी हा फोटो तिघांना दाखवला. रंजिताला जून वांगी दिसली. वैभवला स्कूटीचा आरसा दिसला. शर्ट वेगळा दिसला फक्त एकाला." मी वळले. "तुम्हाला, सर. खुर्चीतून तो प्रश्न आलाच नव्हता. प्रश्नही तुमचा, उत्तरही तुमचंच."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण फक्त ओठांवर. "बाई, हा तर्क झाला. वैभवही लिहू शकतो."

"नाही. मेलेल्या माणसाचा शर्ट रोज अंगात घालणारी बाई इकडच्या कुठल्याही पोराला सुचणार नाही. मेलेल्याचे कपडे आपल्याकडे घरात राहत नाहीत. आनंदाबाई, खरं ना?"

"खरं हाय," आनंदाबाई कोपऱ्यातून म्हणाली. आवाज घोगरा होता.

"कुसुमलाही सुचणार नाही. हे वाक्य तिच्या तोंडून येऊच शकत नाही. हे कोणाला सुचेल? ज्यानं आमचं दुःख फक्त पडद्यावर पाहिलंय त्याला. आता म्हणा, मला वाटलं तो खरंच वारला असेल. म्हणा ना! पण शहरी अंक तुम्ही लिहिता. स्कूटीवर मागे बसून बडबडणारा नवरा तुमचाच विनोद आहे. एका इंग्रजीत त्याला हसायला ठेवलं, दुसऱ्या इंग्रजीत मारून टाकलं. आणि नत्थू, सभागृहात तुला मागच्या रांगेत कोणी बसवलं?"

नत्थूनं खुर्चीतूनच बोट उचललं. "हेच तं होते. लय अदबीनं बोलले बिचारे."

वैभव दारातून म्हणाला, "म्या लिवलं तवा काका जिता होता, सर. रंजितानं बी ऐकलं हाय." रंजितानं मान डोलावली.

आणि मग गजेंद्र सर चिडला. खरा माणूस तेव्हा बाहेर आला.

"तुम्हाला काय वाटतं, हे सोपं आहे? तिकडचा वाचक दोन मिनिटं देतो. नवरा जिवंत म्हटलं की तो विचारतो, मग हा काय करतो? तो नांगरतो, ती विकते, दोघं भांडतात, हसतात. यात कथा कुठे आहे? मी कोणाचं नुकसान केलं नाही. मी वाचकासाठी इंग्रजी जुळवलं, एवढंच!"

"वाचकासाठी वांग्याचं नाव बदललंस, मी गप्प बसले," माझा आवाज रस्त्यावर गेला असेल, जाऊ दे. "वाचकासाठी माणूस मारलास? हिच्या कपाळाचं कुंकू काय तुझ्या छापखान्याची शाई आहे, हवी तिथे लावायला, नको तिथे पुसायला?"

कुसुम रडत नव्हती. ती आनंदाबाईकडे पाहत होती. आनंदाबाई उठली, सतरंजी ओलांडून तिच्याजवळ आली, बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. गटातून काढायची गोष्ट तिथेच मिटली. पण आनंदाबाईची मिटली नव्हती.

"नत्थूभाऊ, उठा जरा," ती म्हणाली. "मले बसाचं हाय."

नत्थू उठला. आनंदाबाई लाल गादीवर बसली, फुलाफुलाच्या लुगड्याचा पदर सारखा केला.

"तुमचे लोकं मुलाखती घ्याले आलते तवा मी बी होती. माह्या संग बी बोलले. मी खरीच विधवा हाय. मंग तुमाले विधवाच पायजे होती, तं खरी समोर बसली होती ते काऊन नाई घेतली?"

सर दाराकडे पाहायला लागला.

"सांगा ना जी. खुर्चीत बसली ना मी."

"आनंदाबाई... तुमचे फोटो काढले होते," तो खूप हळू म्हणाला. "पण प्रत्येकात तुम्ही हसत होता. वाचकाला ते... तुम्ही विधवा वाटत नव्हता."

बिस्किटांच्या बशीवर माशी बसली होती. कोणी हाकलली नाही. आनंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सांगजा तुमच्या वाचकायले," ती म्हणाली. "मी रडतो तवा फोटोवाल्याले बलावत नाई."

बाया तिच्यामागून जिना उतरल्या. खाली स्कूटीवर कुसुम पुढे बसली आणि नत्थू मागे, आणि फाटकातून बाहेर पडायच्या आतच त्यानं डावीकडे वळ म्हणून सांगायला सुरुवात केली.

७

मानचिन्ह कुसुमनं संस्थेच्या टेबलावर ठेवलं. आनंदाबाईला देऊ केलं होतं, तिनं हात लावला नाही. वैभव आणि रंजिता, दोघांनी काम सोडलं. माझ्या ओळखीच्या एका शाळेत रंजिता आता इंग्रजी शिकवते. वैभव अजून शोधतो आहे.

दुरुस्तीचा मजकूर मी लिहून दिला. तिन्ही अंकांत एकच इंग्रजी, एक शब्द इकडचा तिकडे नाही, हट्टच धरला. नत्थू भोयर जिवंत आहे, तो कधीच मेला नव्हता, त्याला आम्ही मारलं कारण तो आमच्या कथेत बसत नव्हता. नत्थूच्या प्रश्नाचं हे उत्तर छापून आलं, त्याच पानावर. संस्थेला छापावंच लागलं, कारण पाहुण्या बायांना पत्र गेलं होतं. ते मी माझ्या इंग्रजीत लिहिलं होतं, आणि ते इंग्रजी मी कोणासाठीही मऊ केलं नव्हतं.

आनंदाबाईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र छापलं नाही. जागा नव्हती म्हणे. खुर्चीचा नियम सगळ्यांसमोर सांगणाऱ्याला एका बाईपुरती जागा मिळाली नाही.

म्हणून हे सगळं मी मराठीत लिहून काढलं. तिनं खुर्चीत बसून विचारलं होतं. उत्तर कुठेतरी छापलं जायलाच हवं.